बोंबल्याचं नववं गाणं

८ नोव्हेंबर. भाताच्या गोण्या ठेवायला जागा हवी होती, म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींवरून अंड्यांचे ट्रे उचकटायला घेतले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते बोंबल्याने चिकटवले होते. उपयोग शून्य. तो गायला लागला की खाडीवरचे बगळे उठायचे.

बोंबल्या म्हणजे माझा धाकटा दीर. दिवसा रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवायचा, संध्याकाळी दोन मित्र जमवून गिटार आणि ड्रम बडवायचा. याला पंक म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. मी विचारलं, "सूर कधी लावणार?" म्हणाला, "वयनी, राग आलेला मानूस सूर लावत बसतो काय?"

त्याने नऊ गाण्यांची एकच गोष्ट केली होती. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला बांध आणि तो राखणारी एक बाई. पहिल्या गाण्यात बांध फुटतो, खांड पडते. आमच्या रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावतो. मग जेटीसाठी जमिनी घेणारा दलाल येतो, एकेक घर विकून मोकळं होतं. आठव्या गाण्यात पुन्हा खांड पडते आणि कोणीच येत नाही.

गाणी क्रमानेच ऐकायची, हा त्याचा हट्ट. पाचवं दलालाच्या तोंडचं, फुशारकीचं. नेमकं तेच हळदींमध्ये गाजलं. आमच्या गावचा दलाल महादूशेठ मुलाच्या हळदीत त्यावर घामाघूम होईस्तोवर नाचला. "बोंबल्या, माझ्यावर भारी गानं केलंस रं!" बोंबल्याने स्पीकरची वायरच उपटली. "आधी पहिली चार आईक शेठ, मंग नाच." घरी आल्यावर माझ्या शिव्या खाल्ल्या.

नवव्या गाण्यावरून मात्र आम्ही कडाडून भांडलो. त्यात ती बाई एकटीच खांड बुजवते. मी म्हटलं, "कधी चिखलात उतरलायस? सहा तासांत भरती येते. एकटीने खांड बुजत नाही. तिला हाका मारायला लाव."

"विकून बसलेल्यांना?"

"त्यांनाच आधी. जमिनीबरोबर हात विकले का त्यांनी?"

दोन दिवस मागच्या खोलीत गिटार बडवत बसला. मग नवीन नववं ऐकवलं. ड्रमवर ती घराघराच्या नावाने हाका मारते, आणि गाणं संपतं.

"मग येतात का ते?"

"हाका मारल्याबिगर कसं कलंल, वयनी?"

या पावसाळ्यात त्याने कावीळ अंगावर काढली आणि गेला.

परवाच्या उधाणात बांधाला खरीच खांड पडली. आजूबाजूच्यांनी विकलेलं, मध्ये आमची दीड एकर. कोणी आलं नाही. महादूशेठचा निरोप आला, उद्या दहाला कागद घेऊन येतो. नवरा म्हणाला, "देऊन टाकू. मीठ बसलं की दोन-तीन वर्षं भात न्हाय." चुकीचं बोलत नव्हता. मी ट्रे काढता काढता मोबाइलवर नऊही गाणी लावली, पहिल्यापासून. निम्मे ट्रे भिंतीवरच राहिले.

९ नोव्हेंबर. सकाळी ओहोटी लागल्यावर दोन घमेली घेऊन निघाले. पहिलं दार महादूशेठचं. तो ओटीवर दात घासत होता.

"शेठ, कागद राहू दे," म्हटलं, आणि एक घमेलं त्याच्या पुढ्यात ठेवलं. "खांड पडलीय. तुझ्या घरचा माणूस कोण येतोय?"