काइनाच्या बाजूचे मास्तर

"ह्यात तू कोण?" बायबल वाचता वाचता मास्तर एकदम थांबायचे आणि समोरच्याच्या छातीत बोट खुपसायचे. बोट कसलं, सळईच. छाती दिवसभर ठणकायची.

शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. जालना एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीला. जेवणाच्या सुट्टीत ते आम्हाला वाचून दाखवायचे, म्हणून मास्तर. ऐन तारुण्यात हसनाबादला बांधावरून भांडण झालं आणि त्यांनी एकाचा जबडा फोडला. तुरुंगात हे पुस्तक हाती लागलं. माणूस पार बदलला म्हणतात. आवाज आणि हात मात्र तेच राहिले, बरं का!

एकदा हाबेल या सख्ख्या भावाला ठार मारणाऱ्या काइनाची गोष्ट चालली होती. बोट माझ्याकडे वळलं.

मी म्हटलं, "हाबेल. बिचारा मेला तो."

"चल हट! समदे हाबेलच व्हत्येत. मंग मारलं कोणी? तू काइन हायेस. मीबी हाय. त्या खुन्याला कोणी मारू न्हाई म्हणून देवानं खूण केली त्याच्यावर. ते कळलं तर बायबल कळलं!"

सगळे खो खो हसले. माझं डोकं जन्माचं भडकू. शेजारी तापलेली सळई धरायची सांडशी पडली होती, ती उचलून फिरवली. मास्तरांचा डावा डोळा गेला. रक्त डब्यातल्या भाकरीवर सांडलं.

दवाखान्यात पोलीस आले. मास्तर सरळ म्हणाले, "ह्यानंच मारलं. म्या माफ केलं. तक्रार बिलकुल न्हाई." हवालदार खूप ओरडला, पण त्यांनी सही दिली नाही.

मग माझं सुरू झालं. त्यांना रोज गाडीवर आणायचं, त्यांचं जड काम आपण ओढायचं, रविवारी घरून मटण न्यायचं. असं वर्षभर चाललं. एक दिवस विचारलं, "मास्तर, आता तरी फिटलं का?"

फाडकन कानाखाली बसली.

"त्याच दिवशी माफ केल्तं, येड्या! अन् तू फेडून राह्यला? देवाची कृपा काय मजुरी हाय का? फुकट हाय. घे, न्हाईतर चालता हो!"

माफ करून वर थोबाडीत देणारा दुसरा माणूस तुम्ही पाहिलाय? मी नाही. पण खरं सांगतो, मला ते फुकटचं घेता आलं नाही. मी मटण नेतच राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात काविळीनं मास्तर गेले. जुन्या जालन्यात त्यांच्या घरापुढे शवपेटी ठेवली होती. मी गर्दीच्या मागं उभा होतो, तरी त्यांच्या धाकट्या भावानं पाहिलं. फावडं घेऊनच धावला.

"माझ्या भावाचा डोळा फोडून वर इथं आला? मुडदाच पाडतो तुझा!"

फावडं डाव्या खांद्यावर बसलं. सदरा रक्तानं भिजला. माझाही हात उठला होता, तो मी खाली घेतला. मार, म्हटलं.

मास्तरांची बायको, जिला आम्ही कामगार मावशी म्हणायचो, मध्ये पडली. दिराच्या हातातलं फावडं तिनं हिसकून घेतलं.

"त्यायनी सांगून ठेवलंय. डोक्याकडून पेटी हाच धरंल."

"का म्हणून?" दीर किंचाळला.

"का ते न्हाई सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, एवढ्या वर्षांत मी मास्तरांची माफी कधी मागितलीच नव्हती.

भाऊ रडत पायाकडे गेला. मी उजवा खांदा दिला.