मुकादमिणीच्या शेजारची जागा

मी गुरुवारच्या गटात बरं व्हायला जाते, असं सगळ्यांना वाटतं. तेही खरं असेल. पण पहिलं वर्षभर तरी मी एका बाईला दाखवायला जात होते.

ती आमच्या गावातल्या रोवणा, म्हणजे भातलावणी, करणाऱ्या बायांची मुकादमीण. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी जायचं, रांगेत कोणी कुठे उभं राहायचं, सगळं तीच ठरवायची. आमच्या घरचे तलावात मासे धरतात आणि पावसाळ्यात आई तिच्या रांगेत धान रोवायला जाते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. चंद्रपूरला वसतिगृहात राहिले आणि पहिल्याच वर्षी परीक्षा टाकून परत आले. झोप गेली होती. दाराबाहेर कोणीतरी उभं आहे असं सारखं वाटायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. भीती कमी झाली, पण हात जड झाले.

त्या पावसाळ्यात आई म्हणाली, "घरात बसून काय करतं? चल, हवा लागंल."

रोवताना वाकून मागे मागे सरकत जायचं असतं. जिचे हात हळू, तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया रोवत रोवत निघून जातात आणि ती मधल्या उघड्या चिखलाच्या पट्ट्यात एकटी कोंडली जाते. अशा वेळी शेजारणीने तिच्या एक-दोन ओळी आपल्याकडे घ्यायच्या, ही रीत आहे. पट्टा अरुंद होतो आणि तिला रांग गाठता येते.

माझ्या दोन्ही बाजू हिरव्या झाल्या. शेजारच्या काकूंनी माझ्या ओळींकडे हात नेला, तेवढ्यात मुकादमीण ओरडली, "राहू दे! पाहू द्या, येडीले किती जमते!"

रांग हसली.

"निघ वर," ती मला म्हणाली. "कालेजात पाठवली अन् डोस्कं तिथीच ठेवून आली."

दिवसभर मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून राहिले. आईने मान वर केली नाही. तिला दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत उभं राहायचं होतं. आईचं मी समजू शकते. मुकादमिणीचं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आरोग्याचं काम करणाऱ्या ताईंनी समाजमंदिरात गट सुरू केला. गुरुवारी दुपारी सात-आठ माणसं सतरंजीवर बसायची. एकदा जाऊन सोडून द्यायचं असं मी ठरवलं होतं. पण परत येताना चौकात मुकादमीण आपल्या घराच्या ओट्यावर बसलेली दिसली.

"सुटली का येड्यांची शाळा?" तिने विचारलं. पानठेल्यावरची माणसं हसली.

पुढच्या गुरुवारी मी वेणी घालून, धुतलेला ड्रेस घालून मुद्दाम तिच्या ओट्यासमोरून गेले. त्याच्या पुढच्याही. गटात एक म्हातारे भाऊ जाळं दुरुस्त करत बसायचे आणि जाळ्याचं टोक मला धरायला द्यायचे. ते टोक धरून तिला एक दिवस काय काय ऐकवायचं, ते मी मनात जुळवत बसायचे. कोणी नवीन यायचं, कोणी यायचं बंद व्हायचं. मी राहिले. चिमूरच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं, तरी गुरुवारी दुपारची बस पकडून येत राहिले. तिच्या ओट्यासमोरून.

मग एका गुरुवारी समाजमंदिराच्या दारात ती उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला.

ती आत काय बोलली ते मी लिहिणार नाही. तिथलं तिथेच ठेवायचं, हा गटाचा नियम आहे. गावाला दिसत होतं तेवढं सांगते. तिची झोप उडाली होती, पहाटे उठून बाया गोळा करणं जमेना, आणि मुकादमी दुसऱ्या बाईकडे गेली होती.

दुसरा नियम असा की नवीन माणसाला सगळ्यात जुन्या माणसाने घरी सोडायचं, आणि तो म्हणेल त्याच वाटेने. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. जाळंवाले भाऊ आजारपणामुळे येत नव्हते. आता सगळ्यात जुनी मीच होते.

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "पोरी, चौकातून नको. तलावाच्या पाळीवरून मागच्या दारी जाऊ."

"काऊन मामी?" मी म्हणाले. "शाळा सुटल्यावर चौकातूनच जातात ना?"

तिने पदर आणखी पुढे ओढला. आम्ही पाळीवरून गेलो. मी कोणाला काही सांगितलं नाही, कारण शब्द गटाला दिला होता, तिला नव्हे. पण पाळीवरून चालताना रागाने माझे दात आवळले जात होते. मी इतके दिवस चौकातून चालले, आणि हिला आडवाट हवी.

गटाचे नियम बांधीत लागू नव्हते.

रोवणा लागला तशी मी कॉलेज बुडवून आईसोबत गेले. नव्या मुकादमिणीच्या रांगेत ती इतर बायांसारखी उभी होती. मी सरळ तिच्या शेजारची जागा धरली. डॉक्टरांनी औषध कमी केल्यापासून माझे हात मोकळे झाले होते. तिच्या हातांचा जडपणा मी पाहताच ओळखला. औषध तेच असणार.

मी वेग वाढवला. बघता बघता तिच्या दोन्ही बाजूंना धानाच्या रोपांचे पऱ्हे उभे राहिले आणि ती मधे अडकली. पलीकडून त्याच काकूंनी तिच्या ओळींकडे हात नेला.

"राहू द्या काकू," मी म्हणाले. "पाहू द्या, किती जमते."

कोणी हसलं नाही. सगळ्यांना आठवत होतं. गाळलेला 'येडीले' माझ्या जिभेवर होता, आणि तिची गुरुवारची गोष्टही.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं आणि मुकादमीण असताना ओरडायची त्याहून मोठ्याने ओरडली, "अर्धंच काऊन बोल्ली? पुरं बोल ना! मले बी दवाखान्याचं औषध सुरू हाय. गुरुवारची शाळा आता माही बी हाय. ऐकलं का सगळ्याईनं?" मग मला म्हणाली, "झालं? आता घे दोन ओळी. कंबर मोडून राह्यली."

मी इतके दिवस जपून ठेवलेलं सगळं तिने एका दमात स्वतःच उधळून टाकलं. रागाने डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या दोन ओळी घेतल्या. रोवताना तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ती गटात जायला निघालीच नाही. मी तिच्या ओट्यासमोर, पानठेल्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडले, "मामी! गुरुवार हाय!"

"गाव गोळा करतं का वो?" ती आतून खेकसली.

"हो."

ती पुटपुटत चप्पल घालून बाहेर आली. आम्ही चौकातून गेलो. तेव्हापासून दर गुरुवारी मी तशीच ओरडते.

हे लिहू का, म्हणून तिला विचारलं होतं. "लिव्ह," ती म्हणाली, "पण मले चांगली दाखवू नको. कोणी मानणार नाई."

मी तिला माफ केलेलं नाही. ताईंनी एकदा विचारलं, तेव्हा तिच्यासमोरच सांगितलं. ती म्हणाली, "नको करू. मागितली कोणी?" आणि सतरंजीवर माझ्यासाठी सरकून जागा केली.

परीक्षा जवळ आली की गट सोडावा असं मनात येतं. पण मी सोडला तर ती त्याच दिवशी पुन्हा ओट्यावर जाऊन बसेल. तेवढं सुख मी तिला मिळू देणार नाही.