गावाला सांगितलेलं वजन

आमच्या गावात कुणाला दिवस गेलेत हे घरच्यांच्या पाठोपाठ मला कळतं. कधी कधी नवऱ्याच्याही आधी कळतं. मी अंगणवाडीत सेविका आहे. पूर्णेच्या जवळच आमचं गाव. नवरा पूर्णेला रेल्वेत कामाला, मोटारसायकलवर रोज जाऊन येऊन करणारा. घरात आम्ही दोघं आणि सासू. तिला मी मामी म्हणते. माझं काम काय, तर गरोदर बायांना काट्यावर उभं करायचं, वजन वाढलं नसलं की झापायचं, "खा गं माय, दोन जिवांची हायस" म्हणून पोषण आहाराची पाकिटं हातात द्यायची. लेकरू झालं की त्याला झोळीत घालून तोलायचं. गावाचं वजन वाढवत फिरणारी बाई मी, आणि मलाच परभणीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दहा किलो तरी उतरवा. पाळी नीट येऊ द्या, मग पुढचं बघू."

लग्नाला सात वर्षं झाली होती. मॅडमचं बोलणं वाईट नव्हतं, नीट समजावून सांगत होत्या. ह्यांनाही एक तपासणी सांगितली. हे म्हणाले, "करू की, ड्युटी बघून," आणि गाडीची वेळ बघायच्या निमित्तानं बाहेर गेले. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. उलट मला हायसं वाटलं. नशिबाचं काही नाही, कर्माचं काही नाही, नुसत्या चरबीचं आहे! आणि चरबी तर माझ्या हातातली गोष्ट आहे. असं वाटलं मला, वेडीला.

चरबी मामीच्या हातात होती.

मामीचं म्हणणं सरळ होतं. "वाळल्या रानात पेरलेलं उगवतंय का? अंगावर मांस नसल्यावर लेकरू काय हाडाला धरून ऱ्हाईल?" आमचं घर बौद्धांचं. मामीच्या सासऱ्यानं तरुणपणी घरातले देव टोपल्यात भरून नदीत नेऊन सोडले, तेव्हापासून आमच्याकडं नवस नाही, गंडा-दोरा नाही, अंगारा नाही. दुसऱ्या घरातली सासू अशा वेळी काहीतरी नवस बोलते, कुठंतरी पायी जाते, तिच्या जिवाला तेवढाच आधार. मामीला तेही करता येत नव्हतं. मग तिनं सगळा जीव पातेल्यात ओतला. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, रविवारी पायाचा रस्सा, वरणावर तुपाची अशी धार की वरण दिसू नये. नको म्हणलं की ती ताट सरकवायची. "मग मी बी उपाशी ऱ्हाते. तुला न्हाई गरज, तर मला कशाला?" आणि खरंच राहायची. आता साखरेचा आजार असलेली म्हातारी माझ्यापायी उपाशी राहते म्हणल्यावर मी काय करणार? गुमान खायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नवऱ्याला सांगावं तर ते म्हणायचे, "खा ना थोडं, आईचं मन राखायला." स्वतःच्या गालात तंबाखूची गोळी धरून सांगायचे हे.

आषाढी पौर्णिमा जवळ आली तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आमच्याकडं त्या पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन असतं, आणि काही बाया त्या तीन महिन्यांत अष्टशील घेतात. पांढरी साडी नेसायची आणि दुपारी बारानंतर जेवायचं नाही. बस्स! मी म्हणलं, आता बघते मला रात्री कोण लाडू चारतंय. मी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून सगळ्यांत पुढं जाऊन बसले. मामीला तर इतका आनंद झाला, विहारातनं येता येता चार घरी थांबून सांगितलं, "आमच्या सुनेनं तीन महिन्याचं धरलंय." पाप लागत असेल तर लागो. मी धम्मासाठी नाही, भाकरी चुकवायला बसले होते.

पण चुकवायला गेले आणि आगीतून फुफाट्यात पडले. जी बाई अष्टशील पाळते तिला जेवू घालणं म्हणजे पुण्य. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं! पण आपण त्या जागी बसल्यावर काय होईल हे ध्यानातच आलं नाही. पहिल्याच आठवड्यात विहारातल्या बायांनी आपसात ठरवून टाकलं, आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. अंगणवाडीतल्या लेकरांची खिचडी होते न होते तोवर कुणीतरी दारात हजर. "ताई, चला लवकर, बारा वाजायच्या आत बसा पानावर." आणि मग रात्रीचं नाही म्हणून सकाळीच दोन वेळचं. खीर, पुरी, वर वाटीभर शेंगदाण्याची चटणी. "दिवसभर काढायचाय तुमाला, घ्या अजून एक." पुण्य घेणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

त्यात मामीनं विहारातल्या एका जाणत्या म्हातारीला विचारून आणलं की बारानंतर चावून खायचं नसतं, पण गुळाचं पाणी, सरबत चालतं. झालं. चार वाजता गुळाचं पाणी तांब्याभर, सहा वाजता लिंबाचं सरबत, त्यात साखर अशी की चमचा उभा राहावा. "घे, चालतंय हे, विचारलंय मी."

भादव्यात परभणीला गेले तर वजन दोन किलोनं वाढलेलं. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मनापासून करताय का? बाळ हवंय ना तुम्हाला?"

बाळ हवंय ना तुम्हाला! मी परतीच्या गाडीत खिडकीला तोंड लावून रडले. दर महिन्याला दुसऱ्यांची लेकरं तोलताना झोळीचा काटा थांबेपर्यंत मी श्वास धरून ठेवते, ते मॅडमला काय सांगायचं? माझ्या अंगणवाडीत एक पोरगी आहे, सुट्टी झाली तरी माझा पदर सोडत नाही. तिला तिच्या आईच्या हातात देताना दर वेळी मी उगीच तिची वेणी परत घालत बसते. हे कुणाला सांगायचं? घरी आले तर मामी दारात सरबताचा पेला घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी विहारात वाचन संपलं आणि एक बाई उठून म्हणाली, "ताई, उद्या आमच्याकडं. पुरणपोळी करायलेय खास." आणि माझं डोकंच फिरलं. भर विहारात उभी राहिले आणि ओरडले, "नका गं मला जेवू घालू! हात जोडते तुमाला. डॉक्टरनी वजन उतरवायला सांगितलंय मला. ह्या वजनापायी मला लेकरू होईना. तुमच्या पुरणपोळीनं माझी कूस बुजवायलात तुमी!"

मामी खाली बघत होती. मी पांढऱ्या साडीत उभी होते, आणि मला वाटलं, सुटले एकदाची. खरं बोलले, मोकळी झाले.

गाव मात्र खरं ऐकून गप्प बसणारं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव माझ्या वजनाच्या कामाला लागलं. कालपर्यंत खिरीची वाटी पुढं करणाऱ्या बाया आता माझ्या ताटात डोकावायला लागल्या. एका बारशात मी भजं उचललं तर पलीकडून आवाज, "ताई, तेलाचं हाय बरं का." दुकानदार बिस्किटाचा पुडा देताना विचारायचा, "लेकरांसाठी ना?" आणि मामीसुद्धा फिरली. भर विहारात सुनेनं तसं बोलावं, हे तिला लागलं होतं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लाडवाचा डबा शेजारच्या बाळंतिणीला देऊन आली आणि म्हणाली, "आता डाक्टरीण म्हणल तसं. माझ्यामुळं थांबलं असं नको व्हायला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिला धरून बसावंसं वाटलं, पण आमच्यात तसं करत नाहीत.

मी चालायला लागले. आता खेड्यात बाई उगीच चालत नाही. दिसली की चार जण विचारतात, कुठं निघालीस, कशाला निघालीस. म्हणून वजनकाटा पिशवीत घालायचा आणि गृहभेटीच्या नावानं पार रानातल्या वस्त्यांपर्यंत जायचं. एका वस्तीवर तर इतक्या वेळा गेले की ती बाळंतीण म्हणाली, "अवो ताई, कालच तर तोललंत की ह्याला! एका दिवसात काय रेडा होतंय का?" हसले मीही. पण उतरायला लागलं. ब्लाऊज ढिले झाले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. वर्षावास संपला, सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, आणि मी ह्यांच्यासंगं परभणीला जाऊन काट्यावर उभी राहिले तेव्हा मॅडमनं माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! अकरा किलो!" माझं लग्न झालं तेव्हासुद्धा मी इतकी खुश नव्हते.

मग मॅडमनं ह्यांच्याकडं बघितलं. "तुमची तपासणी? ती पहिल्यांदाच सांगितली होती ना?"

ह्या वेळी गाडी बघायला जाता आलं नाही. त्याच दिवशी तपासणी झाली आणि दुपारी मॅडमनं आम्हाला समोर बसवलं. शुक्रजंतू फार कमी आहेत म्हणाल्या. एका तपासणीवर सगळं ठरत नाही, पण तंबाखू आजपासून बंद, आणि ह्या गोळ्या तीन महिने, रोज रात्री जेवल्यावर एक. "एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही. मग परत बघू. मार्ग आहे, घाबरू नका."

"अन् माझं वजन?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"तुमचं छान झालंय. आता तेवढंच ठेवा. आता वाट यांच्या रिपोर्टची."

स्टेशनवर बाकड्यावर बसलो. ह्यांनी खिशातली पुडी काढली, बघितली, परत ठेवली. मग म्हणाले, "आईला सांगू नको. कुणालाच नको."

"मग काय सांगायचं? मामी दारातच उभी असंल."

"वजनाचं तर गावाला माहीतच हाय की. तूच सांगितलंस विहारात." मग हळू आवाजात, "तेच ऱ्हाऊ दे. माझी इज्जत जाईल गं. रेल्वेतली पोरं चेष्टा करून जीव घेतील. गोळ्या तुझ्या म्हणून ठेव, मला गुपचूप देत जा."

माझी इज्जत मी भर विहारात स्वतःच्या तोंडानं वाटून टाकली होती, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. मला त्यांचा असा राग आला की गाडी आल्यावर दुसऱ्या डब्यात जाऊन बसावं. पण त्यांचं तोंड बघितलं तर मार खाल्लेल्या पोरासारखं झालेलं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. भांडून काय होणार होतं? गोळ्या त्यांनी खाल्ल्या तरच लेकरू होणार होतं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

मामी दारातच होती. "काय म्हणली गं डाक्टरीण?"

मी तोंड उघडायच्या आत हे बूट काढता काढता म्हणाले, "अजून जरा उतरवायचं म्हणली. अन् गोळ्या दिल्यात हिला, तीन महिन्याच्या."

"बरं झालं," मामी म्हणाली.

संध्याकाळी तिघं जेवायला बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक भाकरी संपवून मी दुसरीला हात घातला तर मामीनं माझा हात धरला. "नको बाई. एवढी कळ काढलीस, अजून थोडी काढ." आणि ती भाकरी ह्यांच्या ताटात ठेवून वर तूप सोडलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते भाकरी मोडत होते.

जेवणं झाली तशी मामी उठली आणि कोनाड्यात ठेवलेली माझी पिशवी उघडून तिनं गोळ्यांचं पाकीट काढलं. "जेवल्यावर घ्यायच्या ना? तू दिवसभर गावात, तुझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई. माझ्या साखरेच्या गोळ्यांसंगं माझ्याच डब्यात ठेवते." एक गोळी तोडून तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढं केला.

"घेते नंतर, मामी."

"नंतर कशाला? माझ्यासमोर घे."

मी ह्यांच्याकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. "आई, माझी हाय ती." एवढंच. मी थांबले. मामी पेला धरून उभी होती. हे ताटातली शितं बोटानं गोळा करत बसले.

मी गोळी गिळली.

मामीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तीन महिने म्हणजे काय गं, बघता बघता निघून जातेत," ती म्हणाली. "तू फिकीर करू नको. रोज मी माझ्या हातानं देईन."