पुसद-फुलसावंगी रस्त्यावर नजर मोजताना

यवतमाळहून पुसदला निघालेल्या एसटीत मी मांडीवर एक खोका सांभाळत बसलो होतो. त्यात आमच्या पुण्याच्या कंपनीचं यंत्र होतं. ते ड्रायव्हरच्या तोंडासमोर बसवायचं. त्याची नजर रस्त्यावरून हटली की ते कर्कश वाजतं आणि फेरीभर पडद्यावर शंभरपैकी गुण दाखवत राहतं. गाडी चालवताना माणसं कशी चुकतात, याचा मी दहा वर्षं अभ्यास करतो आहे. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, पण ते सहसा कुणी विचारत नाही.

पुसदला ज्यांच्या काळ्यापिवळ्या (प्रवासी जीप) होत्या, त्या मालकांना यंत्र भलतंच आवडलं. "ज्याले साठच्या खाली गुण, तो उद्यापासून घरी," ते म्हणाले. यंत्र शिकवण्यासाठी आहे, काढून टाकण्यासाठी नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. अशा मान हलवण्याचा अर्थ मला नोकरीतल्या अनुभवाने कळतो.

माझ्या वाट्याला आले देवराव. पन्नाशी उलटलेले, बावीस वर्षं पुसद-फुलसावंगी रस्त्यावर ड्रायव्हर. जीप भरली आणि निघालो. गाव सुटताच दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर, मधल्या पट्ट्यात कापूस वेचणाऱ्या बाया. मला बाहेर बघायचं होतं, पण यंत्र काही बघू देईना. देवराव सारखे डावीकडच्या तुरीत पाहायचे, मग उजवीकडच्या. प्रत्येक वेळी ते वाजायचं.

"हे मले काहून भुकून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बाजूला पाहताय म्हणून. समोर पाहा."

"समोर रस्ता हाय, साहेब. तो कुठी पळत नाही. येणारं ते तुरीतून येते."

मागून एक बाई म्हणाल्या, "त्याच्या तोंडावर दुपट्टा टाक ना, देवरावभाऊ!" सगळी जीप हसली. झाकलं तर शून्य गुण मिळतात, हे मी गंभीरपणे सांगितलं. मग कोणी हसलं नाही.

फुलसावंगीला उतरलो तेव्हा पडद्यावर चौतीस होते. टपरीवर आलूबोंडा आणि तर्री (तिखट रस्सा) घेतली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. देवरावांनी बशीला हातही लावला नाही.

"पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय. ह्या वयात मले दुसरा कोन ठेवन?"

मला खरंच वाईट वाटलं. म्हणून मी नाक पुसत पुसत त्यांना मनापासून शिकवलं: मान सरळ, नजर समोर, आरशात ओझरतं बघायचं, बस्स.

परतीला देवराव पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे बसले. यंत्र एकदाही वाजलं नाही. गुण अठ्ठ्याण्णववर पोचले आणि मी स्वतःवर खूश झालो. तेवढ्यात डाव्या तुरीतून रोही (नीलगाय) उसळली. देवरावांना ती दिसली तेव्हा ती बॉनेटसमोर होती. ब्रेक, किंकाळ्या, आणि जीप रस्ता सोडून सोयाबीन काढलेल्या वावरात उभी. दुपट्टा टाक म्हणणाऱ्या बाईंच्या पिशवीतली वांगी माझ्या मांडीवर. नशिबाने कुणाला लागलं नाही. रोही तर मागे वळूनही न पाहता निघून गेली.

पडद्यावर आलं, 'उत्तम! असेच चालवत राहा.'

देवरावांनी इंजिन बंद केलं. "जातानी आली असती तं दुरूनच दिसली असती," ते म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुण्याला पोचून मी अहवालात रोहीसकट सगळं लिहिलं. वरिष्ठांनी उत्तर पाठवलं, जनावरांचा विषय पुढच्या टप्प्यात घेऊ. पुसदच्या मालकांनी मात्र अहवाल न वाचता फक्त शेवटचे गुण वाचले आणि शाल-नारळ देऊन देवरावांचा सत्कार केला. बाकीच्या ड्रायव्हरांनी त्यांच्यासारखीच गाडी चालवायची, असा हुकूमही काढला. रस्ता सुरक्षित करायला गेलो आणि एका शहाण्या माणसाला आंधळा करून आलो, ही लाज मला अजून सोडत नाही.

आठवड्याने देवरावांचा फोन आला.

"साहेब, खरं सांगा. आता कुठी पाहू?"

"तुरीत पाहा, देवराव."

"अन् नोकरी?"

"मी मालकांशी बोलतो."

पलीकडे ते हसले. मलाच धीर द्यावा तसे म्हणाले, "बोला, बोला. तवर मी समोरच पाह्यतो."