लेकीचा आखाड

आमचे अण्णा, म्हणजे वडील, बेचाळिशीत गेले. ऊस भरता भरता छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून बेलापूरच्या घरात काळजी एकाचीच, माझ्या थोरल्या भावाची. कारण तो अण्णांसारखा दिसतो. तेच कपाळ, तीच चाल. आल्यागेल्याने "अगदी बापावर गेलाय" म्हटलं की आईचा जीव टांगणीला. त्याच्या रश्श्यावरची तर्री काढून ती माझ्या वाटीत घालायची. मी पोरगी, त्यातून काडीपैलवान. मला काय होणार! मला त्याचा भयंकर हेवा वाटायचा. अण्णांचा चेहरा त्याला, आणि आईची काळजीही त्यालाच.

गेल्या उन्हाळ्यात, मी नागापूरला ज्या कारखान्यात पॅकिंगला आहे, तिथे रक्ततपासणी झाली. माझं कोलेस्टेरॉल इतकं निघालं की डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "घरात कुणी लवकर गेलंय का?" मग म्हणाल्या, हे नुसतं खाण्यापिण्याचं नाही, वडिलांकडून आलेलं दिसतंय. पथ्य हवंच, पण गोळी रोज घ्यायची, कायमची. भावाचंही तपासून घ्या.

भावाला मीच ओढत नेलं. आईला चोरून भजी-वड्यांवर पोसलेला गडी, पण रिपोर्ट एकदम स्वच्छ! तो कागद बघून हसला, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वर म्हणतो कसा, "आईला नको सांगू, हाय खाईल." मी आईला सांगितलं नाही, पण आत धुमसत होते. दुखणं माझं आणि जपणूक त्याची!

आषाढात आईने नेहमीप्रमाणे लेकीसाठी तळण काढलं, लेकीचा आखाड. गुळाच्या कापण्यांनी गच्च भरलेलं ताट माझ्यापुढे आलं, भावापुढे कोरडी भाकरी.

"तू नगं खाऊ रं," आई त्याला म्हणाली. "तुझा बाप कसा गेला, ठावं हाय ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आई, त्याला काय बी झालं न्हाई. अण्णांचं दुखनं माझ्यात आलंय. रोज गोळी खाते मी."

आईने भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"पर तू तर त्यांच्यासारखी दिसत बी न्हाईस," ती म्हणाली.

"रक्त तर त्यांचंच हाय ना!" खोटं कशाला सांगू, हे म्हणताना मला अभिमान वाटला.

आईने माझ्यापुढचं ताट उचलून भावापुढे सरकवलं. मग माझ्याजवळ येऊन तिने माझ्या छातीवर हात ठेवला. गोळीने सगळं आटोक्यात राहतं, हे मी परत परत सांगत होते. तिला ते ऐकूच जात नव्हतं. समोर भाऊ कापण्यांवर ताव मारत होता. आई त्याच्याकडे बघतही नव्हती, आणि मला आता त्याचाच हेवा वाटत होता.