आईला ऐकायचा होता तो धबधबा

पहाटे सोलापूर सोडलं तेव्हा आई ड्रायव्हरशेजारी बसली होती. मागं बस म्हटलं तर ऐकेना. "फुडनं सगळं दिसतंय की," म्हणाली.

आईला वर्षभरात फार कमी ऐकू यायला लागलं होतं. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी यंत्र दिलं, पण तेही फार दिवस साथ देईल असं नाही, हेही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता आई म्हणाली, "सुमन, कान जायच्या आत एकदा गोकाकचं पाणी ऐकू दे."

गोकाक? आमच्यासाठी आई जेऊरचीच होती. तिचे वडील गोकाकच्या धबधब्याजवळच्या गिरणीत कामाला होते. ती दहाएक वर्षांची असताना त्यांना सोलापुरात काम मिळालं, बिऱ्हाड इकडं आलं, घरात मराठीच बोलायची सवय लागली, आणि पुढं तिला जेऊरला दिलं. आमच्या घरात कानडी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं तिचंही बोलणं मराठीच राहिलं. तिकडचं ती एवढंच सांगायची, "पावसाळ्यात आमच्यात समदी वरडूनच बोलायची. इकडं आले तवा शांततेनं झोपच यायची न्हाय."

भीमा ओलांडली आणि पाट्यांवरची अक्षरं बदलली. विजापुरात इडली खाल्ली. जमखंडीच्या पुढं दोन्ही बाजूंनी ऊस लागला आणि तिथंच टायर बसलं. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत आई रस्त्याकडेला उभी राहून आभाळाकडं बघत होती. "अंधार पडायच्या आत पोचू की?" असं तिनं तीनदा विचारलं. मुधोळजवळ घटप्रभा नदीवरच्या पुलावर तिनं काच खाली केली. "हे तितनं पडून आल्यालं पाणी," ती म्हणाली.

दुपार कलताना पोहोचलो. गाडीतून उतरताच ओल्या दगडाचा वास आला आणि पायाखालची जमीन घरघरते आहे असं वाटलं. कातळाच्या कडेशी गेलो. सपाट खडकावर पसरलेली नदी एकाएकी संपत होती आणि सबंध पात्र खाली कोसळत होतं. पाण्याचा रंग काहिलीतल्या उसाच्या रसासारखा, तांबूस. खालून उसळणारे तुषार वाऱ्याबरोबर आमच्या तोंडावर येत होते. इतकं पाणी एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या आवाजानं आईचं यंत्र करकरायला लागलं. तिनं ते काढून माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

"ऐकू येतंय का?" मी तिचा खांदा हलवून, कानाकडं बोट करून विचारलं.

तिनं मान हलवली. "न्हाय गं. वारं सुटल्यावानी वाटतंय नुसतं."

लहान मुलीसारखा तिचा खालचा ओठ थरथरत होता. मी तिला धरून मागं आणलं आणि गिरमिट (मसाला लावलेले ओले चुरमुरे) विकणाऱ्या बाईच्या बाकड्यावर बसवलं. ती बाई चाळिशीची असावी. द्रोण पुढं करताना ती आईच्या कानाशी वाकली आणि तिथली माणसं बोलतात तशी मोठ्यानं ओरडली, "याव ऊर निमदु?" (गाव कोणतं तुमचं?)

आईनं झटकन वर पाहिलं. कानात यंत्र नव्हतं, तरी तिला ऐकू गेलं होतं.

"इद," आई म्हणाली. (हेच.)

जेऊरला तिनं पन्नास वर्षं संसार केला. आम्हा चौघांना तिथंच वाढवलं. कुणीही विचारलं तरी 'जेऊर' म्हणणारी आई, क्षणाचाही विचार न करता 'हेच' म्हणाली.

मग दोघी बोलत राहिल्या. आई अडखळायची, शब्द शोधायची, सापडला की हसायची. मला काहीच कळत नव्हतं. ती बाई मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागली. माझ्याकडं वळून मोडक्या मराठीत म्हणाली, "तुमची आई लहान पोरीवानी बोलते. शाळेतली पोरं बोलतात, तसं."

तिचं कानडी दहा वर्षांचंच राहिलं होतं. पुढच्या आयुष्याचे शब्द तिला त्या भाषेत कुणी दिलेच नव्हते. मूल झाल्याचे, माणूस गेल्याचे, म्हातारपणाचे.

निघताना त्या बाईनं आईच्या पदरात गोकाकचा करदंट (डिंक आणि सुक्या मेव्याची गुळातली वडी) बांधून दिला. आईनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दोघींचे डोळे भरले होते. पाणी मागं तसंच कोसळत होतं. आईनं तिकडं पुन्हा पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर तिनं यंत्र पुन्हा कानात घातल्यावर मी म्हटलं, "दिवाळीनंतर परत येऊ. चार दिवस राहू."

"नगं."

"का गं?"

"आलं की निगावं लागतंय. त्या टायमाला बापानं हाताला धरून वढत नेलं. आज माझी मी उठले." तिनं पदरातली करदंटाची गाठ चाचपली. "आजचंच जास्त लागलं."

सोलापूर यायला अजून तास-दीड तास होता. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, कानडीत आईला काय म्हणतात?"

"अव्वा," ती म्हणाली, आणि माझ्या हाकेची वाट बघत राहिली.