शेजारणीची अट

ह्यांच्या बोटांना सांधेदुखीने धरलं तेव्हा हे जेमतेम बावन्न वर्षांचे होते. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहत होतो. हे एका मोटार कंपनीत ब्रेक्सचे इंजिनिअर, मी गावच्या लायब्ररीत अर्धवेळ. ऑक्टोबर लागला की सकाळी ह्यांना शर्टाची बटणं लावता येत नसत, आणि जानेवारीत तर दाराची मूठही फिरत नसे. त्याच सुमारास कंपनीने माणसं कमी करायला घेतली आणि ह्यांच्यासारख्यांना लवकर निवृत्त व्हायला सुचवलं. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात कोरड्या हवेत राहून बघा. ह्यांनी दोन्ही गोष्टी एकदम मनावर घेतल्या आणि एक जुना ट्रेलर विकत आणला.

हा ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आपल्या गाडीमागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत पलंग, दोन शेगड्या, वितभर सिंक. बेत असा की नोव्हेंबरात निघायचं, ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढायचा आणि एप्रिलमध्ये परत यायचं. मराठी मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, चांगलं चार खोल्यांचं घर सोडून डब्यात काय राहता?" शिकागोला शिकणारी आमची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बट यू हेट कॅम्पिंग!"

खरं होतं ते. पण तिथं पोचल्यावर मला एक गोष्ट आवडली, ती म्हणजे ऊन. मी अकोल्याच्या उन्हात वाढलेली. वीस वर्षं बर्फात काढल्यावर डिसेंबरात पाठ शेकत बसायला मिळालं, तेव्हा मी ट्रेलरबद्दल कुरकुर करायचं थांबवलं. वाळवंट म्हटल्यावर मला वाळू अपेक्षित होती. निघाली खडी, मैलोन्‌मैल, आणि मधूनमधून काटेरी झुडपं. क्वार्टझसाइट नावाच्या गावाबाहेर ती सरकारी जमीन होती. थंडीच्या राज्यांतून आलेली निवृत्त माणसं तिथं आपापल्या गाड्या लावून राहत. दिवसभर कोणी दगड गोळा करी, कोणी नुसतंच खुर्ची टाकून बसे. ह्यांची बोटं महिन्याभरात सैल झाली. पहिल्या वर्षी ह्यांनी मला स्वतः कांदा चिरून दिला होता.

पण दुखणं काही थांबलं नव्हतं, नुसतं हळू झालं होतं. ट्रेलर जोडायचा म्हणजे गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची वाटी बरोबर बसवायची आणि वरून खिटी दाबून घट्ट करायची. सरकारी नियमाने दर दोन आठवड्यांनी जागा बदलावी लागे, त्यामुळे हे काम सारखंच असे. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती खिटी दाबताना ह्यांचा चेहरा पांढरा पडू लागला. मी पुढे झाले की म्हणत, "राहू दे, तुझं बोट चेमटेल."

त्या फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही जागा बदलायला निघालो. दोनेक मैल गेलो असू. रस्ता एका कोरड्या ओढ्यात उतरून पुन्हा चढत होता. तिथं मागे प्रचंड आवाज झाला आणि गाडीला हिसका बसला. ट्रेलर सुटला होता. जोडीला दोन साखळ्या असतात, त्यांनी तो धरून ठेवला, म्हणून उलटला नाही. नाक रस्त्यावर घासत आमच्यामागे फरफटत आला. कपाटं उघडून डाळ-तांदूळ, पोहे, सगळं जमिनीवर सांडलं होतं.

हे खाली उतरले, एकदा मागे जाऊन पाहिलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"खिटी बसली नव्हती," हे म्हणाले. "मला कळलं होतं. तुला हाक मारायला हवी होती."

मागून एखादी गाडी येत असती तर काय झालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. एका ट्रकवाल्याने ट्रेलर उचलून जोडून दिला आणि आम्ही जिथून निघालो होतो तिथंच परत आलो.

आमच्या शेजारी एक बाई मोटरहोममध्ये एकटीच राहत होती. सत्तरीची, नेब्रास्कातल्या शेतकरी घरातली, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला. मोटरहोमला काही जोडायची भानगड नाही. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे घर, सगळं एकच. किल्ली फिरवली की निघालो. त्या संध्याकाळी ती भांडंभर सूप घेऊन आली. "बीन्सचं आहे. त्यात हॅम होतं, पण मी सगळं वेचून काढलंय. तुम्ही खात नाही ना." इतकं निगुतीने वेचलेलं सूप परत कसं करणार? ते आम्ही मुकाट्याने प्यायलो.

तिला आपली मोटरहोम विकायची होती. नजर झपाट्याने जात होती. समोरचं धूसर झालं होतं, फक्त कडेकडेचं दिसे. हा हिवाळा संपला की ती टूसॉनला मुलीकडे कायमची राहायला जाणार होती. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडीखाली शिरून सगळं तपासलं. बाहेर आले ते खूष होऊन. "स्टीअरिंग एकदम हलकं आहे. हे मला जमेल."

"तुम्हाला मी आनंदाने विकेन," शेजारीण म्हणाली. "पण एक अट आहे. गाडी चालवायला हिनं शिकलं पाहिजे."

हे हसले. "ती कशाला? मी आहे ना."

"माझाही हेच म्हणायचा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. नवऱ्याला गर्दी नको असे, म्हणून ते दोघं वस्तीपासून खूप आत जाऊन राहिले होते. एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. तिला शेतावरचा ट्रॅक्टर चालवता येत होता, पण ह्या गाडीला तिनं कधी हात लावला नव्हता, त्यानं लावू दिला नव्हता. तिथं फोन लागत नव्हता. ती चार मैल चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. माणसं घेऊन परतली तोवर तो गेला होता.

"चालवता येत असतं तरी तो कदाचित गेलाच असता," ती म्हणाली. "पण मी त्याच्याजवळ असते. शिकले ती त्याच्यामागून."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शिकशील?"

मी लायब्ररीत जायला छोटी गाडी चालवत होते, तेवढंच. ते तर सव्वीस फुटी धूड होतं. मी म्हटलं, "बघू."

बघायला तिनं वेळ दिलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर टकटक झाली. डोक्यावर टोपी, हातात किल्ली. "चल."

आमच्या मुक्कामाच्या मागेच एक सपाट मोकळं मैदान होतं, तिथवर ती मला रोज मुंगीच्या चालीने गाडी न्यायला लावी. तिला समोरचं दिसत नव्हतं, म्हणून ती कानांनी शिकवायची. "इंजिन ओरडतंय, ऐकू येतंय का तुला? पाय जरा उचल." पहिल्या दिवशी मी वळण घेतलं आणि गाडीचं मागचं टोक भलतीकडेच फिरलं. मैदानात मांडून ठेवलेली तिची घडीची खुर्ची चाकाखाली गेली. मी रडकुंडीला आले. ती उतरली, चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "त्याची होती. मला कधीच आवडली नव्हती." मग दोघीही हसत सुटलो, पोट दुखेपर्यंत.

हे त्या दिवसांत फारसे बोलत नसत. ट्रेलरमध्ये पेपर उघडून बसत आणि तासाभरानेही तेच पान दिसे. मला राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. लग्नानंतर ह्या देशात आल्यावर मला पहिल्यांदा गाडी शिकवली ती ह्यांनीच. पाचव्या दिवशी मैदानावर पाहते तर हे उन्हातून चालत येताहेत, काखेत खोक्याचा पुठ्ठा. मुठीत जाड पेन्सिल धरून ह्यांनी त्यावर गाडी काढली, चाकं काढली, बाण काढले.

"तू ब्रेक उशिरा दाबतेस," हे म्हणाले. "हिचं वजन तुझ्या गाडीच्या चौपट आहे. थांबायचं ठरवलंस की लगेच सुरुवात कर, आणि हळू."

ते ऐकल्यापासून माझं चालवणं सुधारलं. शेजारीण म्हणाली, "हे मला सांगता आलं नसतं."

ट्रेलर, आणि तो ओढणारी आमची गाडीही, एका कॅनेडियन जोडप्याने घेतली. ट्रेलरमधलं सामान मोटरहोममध्ये हलवायला अर्धा दिवस पुरला. मार्चअखेर शेजारणीला टूसॉनला पोचवायचं ठरलं. तिच्याच गाडीतून, आणि चालवणार मी. ती पुढे माझ्या बाजूला बसली, हे मागे टेबलापाशी चहाचा थर्मास घेऊन. हायवेवर बाजूने मोठा ट्रक गेला की सगळी गाडी हलायची. ती अधूनमधून विचारायची, "आता काय दिसतंय?" मी सांगायची: मालगाडी, कापसाचं मोकळं शेत, उंच निवडुंग, त्याच्या हातासारख्या एका फांदीवर घार. ती मान डोलवायची.

मुलगी दारात उभीच होती. शेजारीण उतरली आणि म्हणाली, "हिनं आणलं मला. सबंध रस्त्यात एकदाही कचकन ब्रेक मारला नाही." मग तिनं मला जवळ घेतलं, बराच वेळ.

परत निघताना हे गाडीच्या दाराशी थांबले. "मी पुढे बसू का?" ह्यांनी विचारलं. चोवीस वर्षांच्या संसारात ह्यांना असं कधी विचारावं लागलं नव्हतं. मी शेजारच्या सीटवरचा नकाशा उचलून ह्यांच्या हातात दिला. पहिल्या पन्नास मैलांत हे सारखा उजवा पाय जमिनीवर दाबत होते. शेवटी मी म्हटलं, "अहो, तिकडे ब्रेक नाहीये." तेव्हा कुठे पाय सैल झाला.

पहिलं वर्षभर दुपारी, बोटं सैल झाल्यावर, हे थोडं चालवत. नंतर तेही सुटलं आणि मिशिगन ते ॲरिझोना पूर्ण अंतर मीच चालवू लागले. असे आणखी चार हिवाळे आम्ही काढले. मग ह्यांना डॉक्टर जवळ असावा लागला. आम्ही मोटरहोम विकून फीनिक्समध्ये दोन खोल्या घेतल्या. सोडताना वाईट वाटलं, पण हट्ट कोणीच धरला नाही.

त्या चारही हिवाळ्यांत आम्ही टूसॉनला शेजारणीकडे आठवडाभर मुक्काम करत असू. गाडी मुलीच्या घरासमोर उभी असे. सकाळी शेजारीण काठी टेकत यायची आणि आत येऊन ह्यांच्यासमोर टेबलाशी बसायची. तिच्या डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतं, ह्यांच्या बोटांना संत्रं सोलवत नव्हतं. ती संत्री सोलून एकेक फोड ह्यांच्यापुढे ठेवी आणि हे तिला पेपर वाचून दाखवत, हवामानापासून मृत्यूच्या बातम्यांपर्यंत. मधेच ती म्हणे, "हे पुन्हा वाच," आणि हे पुन्हा वाचत. मी बाहेर चाकांतली हवा तपासत असे, आणि उघड्या खिडकीतून मला दोघांचे आवाज ऐकू येत.